भूत नसलेला भुताचा गेम

"आई, वरच्या भिंतीवर लिहिलंय सगळं! मी माझ्या डोळ्यांनी वाचलं! वर तुझा फोटो अन् खाली तुझी एकेक लक्षणं!"

"लक्षणं म्हणे! आवाज खाली कर. पोरं जेवून राहिलीत."

"बॅग भरलीय मी तुझी. चार वाजता निघायचं. उद्या सकाळी लातूरला डॉक्टरची वेळ घेतलीय. डोक्याचे डॉक्टर हायत."

"अन् घर?"

"घराला कुलूप."

"अन् खानावळ?"

"आई, तू आता खानावळ चालवायच्या स्थितीत न्हाईस!"

हातातली पिठाची परात मी ओट्यावर अशी आपटली, की पंगतीतल्या बारा पोरांचे बाराच्या बारा घास हवेत थांबले!

हे भांडण नांदेडात, माझ्याच खानावळीत, एका रविवारी दुपारी चाललं होतं. समोर उभा होता तो माझा एकुलता एक दत्ता. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. भांडण कशावर येऊन थांबलं ते सांगते, पण त्याआधी वरच्या मजल्याचं सांगावं लागेल. लोकांच्या घरी रिकामे डबे साठतात, जुनी लुगडी साठतात. माझ्या घरी दोन वर्षांत किस्से साठलेत, कारण माझ्या डोक्यावरच्या स्लॅबवर माणसाला वेड लागायचा कारखाना चालतो! चिंध्यांच्या गाठोड्यातून एक चिंधी ओढावी तर चार बाहेर येतात, तसं आहे ते.

*

वर भाड्यानं आले ते दोघं. सुमेध बिलोलीचा, कॉम्प्युटरचा इंजिनियर. वैष्णवी देगलूरची, चित्रं काढते.

"ऑफिस टाकायचंय, बाई," म्हणाले.

"कसलं?"

"गेमचं."

मला वाटलं, कॅरमबिरम असेल.

आठ दिवसांत माझ्या मनात शक बसला. भरदिवसा खिडक्यांना काळे पडदे. आत कुजबुज. मी जिना चढले की कुजबुज बंद! एकदा तर मी जिन्यातच थांबून ऐकलं. सुमेध म्हणत होता, "तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचा मुलगा ओळखू यायला नको. चौथ्या दिवशी स्वयंपाकघर." मी खाली आले आणि कडी लावून घेतली. पोरांचे चेहरे तर किती साधे!

मग एका दुपारी वरून किंकाळी आली. बाईची. मी तव्यावरचं उलथनं उचललं आणि तशीच वर गेले. दार ढकललं तर अंधारात माझीच गोधडी जमिनीवर बसलेली, आणि गोधडीच्या आत वैष्णवी किंचाळून राहिलेली!

"हे काय चाललंय?"

गोधडीतून डोकं बाहेर आलं. हातात माइक. "रेकॉर्डिंग, बाई."

"माझ्या गोधडीत?"

"बाहेरचे ऑटोचे हॉर्न येऊ नयेत म्हणून."

मग सुमेधनं समजावून सांगितलं. गेममध्ये एक म्हातारी बाई घरात एकटी आहे. ती कडी लावून मागं वळली की घरातलं काहीतरी बदललेलं असतं. डबा जागेवर नसतो. कॅलेंडरवरचा महिना वेगळा असतो. जो खेळतो त्याला वाटतं, घरात कुणीतरी शिरलंय.

"मग भूत कुठंय?"

"भूत न्हाईच, बाई. तिचं डोकंच तिच्याशी खेळून राहिलंय. अन् खेळणारा माणूस म्हणजे तीच बाई."

मी उलथनं खाली केलं. पण ती किंकाळी काही मला पटली नव्हती. "घाबरलेली बाई असं बोंबलत नसते, पोरी."

"मग काय करते?"

"जिथं उभी हाय तिथंच उभी राहते. अन् हळूच म्हणते…" मी म्हणून दाखवलं, "कोण हाय?"

सुमेध उठला आणि त्यानं आधी लाइट लावला!

"बाई," तो म्हणाला, "परत एकदा म्हणा. माइकात."

अशी मला सत्तराव्या वर्षी नोकरी लागली.

*

पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलायचा कागद दिला. मी शाळेची पायरी चढलेले नाही. दत्ता पहिलीत असताना मोठ्यानं वाचायचा, आणि मी भाकरी थापता थापता त्याच्या पुस्तकात बघायचे. तशी अक्षरं उचलली. आज पेपरातला अग्रलेख वाचून त्यातल्या चुका काढते, आणि चुका असतात!

कागदावर होतं : मी कुठे आहे? मी कोण आहे? मला काहीच आठवत नाही! आणि कंसात, रडते.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," सुमेध म्हणाला.

"डोकं गेलेलं माणूस पाहिलंस का कधी?"

"न्हाई बाई. पण वाचलंय लई."

"वाचलंय! अरे, जिला आठवत न्हाई, तिला आठवत न्हाई हेच मालूम नसतं! ती रडत न्हाई. ती हुकूम सोडते!"

आणि मग मी त्यांना माझी सासू सांगितली. अकरा वर्षं मी ते दुखणं घरात पाहिलं. भाकरी उशीच्या खोळीत लपवायची आणि भाकरी चोरली म्हणून गल्लीभर माझं नाव घ्यायची. पोटच्या पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, थोरला दीर समजून डोक्यावरून पदर ओढायची. भर उन्हाळ्यात म्हणायची, "पाऊस लागलाय, वाळवण उचला," आणि मी वाळवण उचलायचे. नवरा म्हणायचा, "कामून उचलतीस? पाऊस कुठंय?" मी म्हणायचे, "तुमच्या आईला लागलाय ना!"

दत्तानं यातलं काही पाहिलं नाही. पोराच्या अभ्यासाला त्रास नको म्हणून मीच त्याला आठवीपासून लातूरला वसतिगृहात धाडला. सुट्टीत यायचा तेव्हा आजी अंगणात ऊन खात बसलेली दिसायची, तेवढंच त्याला आजीचं म्हातारपण ठाऊक.

सुमेधची कामाची रीत अशी की गेममधल्या एका माणसाला एक भिंत. वर त्या माणसाचा चेहरा, खाली ते माणूस काय काय करतं त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या. मी सांगत गेले, तो चिठ्ठ्या चिकटवत गेला. भाकरी उशीत लपवते. सुनेवर चोरीचा आळ घेते. पोटच्या मुलाला ओळखत नाही. चेहरा कुणाचा लावायचा, तर वैष्णवीनं माझाच फोटो काढून लावला. म्हणाली, ह्यावरून गेमातल्या बाईचं तोंड काढते.

मी बघून म्हटलं, "काय काढलंस गं हे? माझं नाक एवढं मोठं न्हाई."

"बाई," ती म्हणाली, "हा फोटोच हाय."

*

ही वैष्णवी देगलूरकडची, म्हणून फोनवर आईशी अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलते. सगळं बोलणं मराठीत चालतं आणि 'बाई' हा शब्द आला की पुढचं तेलुगूत! असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी तिच्या ताटात भाजी वाढता वाढता थांबले.

"पोरी, माझी निंदा मराठीत करत जा. काही चुकीचं सांगत असलीस तर मला दुरुस्त तरी करता येईल!"

*

शक मला एकटीलाच आला असं नाही. शेजारच्या कुशावर्तानं गल्लीत उठवलं, "बाईच्या माडीवर भानामती करून राहिलेत." आधी माझ्या जिन्यात लिंबं आली. मी त्यांचं पोरांना सरबत करून पाजलं. मग ती खेड्यातून एक उतारा काढणारा बाबा घेऊन आली. पिशवीत राख, दोऱ्याची रिळं, पुन्हा लिंबं. वर चढून गेला आणि दारातच ओरडला, "हितं काहीतरी हाय!"

"हाय ना," सुमेध म्हणाला. "बसा, दाखवतो."

त्याला खुर्ची दिली. कानाला हेडफोन लावले. त्या वेळी पडद्यावर ती बाई स्वयंपाकघरात वाट्या मोजत होती. सात. पुन्हा मोजल्या, सहा. पुन्हा मोजल्या, सहा. आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारत होतं. आवाज माझाच, मीच माइकात दिलेला. बाबा आधी मोठ्यानं मोजत होता. मग मनात मोजायला लागला. मग मोजायचं बंद केलं.

दहा मिनिटांनी त्यानं हेडफोन काढले, लिंबं एकेक करून परत पिशवीत भरली आणि जिना उतरला. खाली कुशावर्ता पदर सावरून उभी.

"काय निघालं, बाबा?"

"माय," बाबा चपला घालत म्हणाला, "हे माझ्या खात्यातलं न्हाई."

*

गेम थोडा तयार झाला की बाहेरची पोरं बोलवून त्यांना खेळायला लावायचा आणि मागं वही घेऊन बसायचं, ही यांची दुसरी रीत. कुठल्या मिनिटाला कोण घाबरलं, कोण हसलं, कोण कंटाळलं, सगळं वहीत. दुसऱ्याच्या पाठीमागं बसून असं लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, हे मी सुमेधला तोंडावर सांगितलंय.

एकदा उमरीचा एक गडी आला. दंड माझ्या पाट्याएवढा. "भुताला मी भीत न्हाई, आजी," मला जाता जाता म्हणाला. मी म्हटलं, "तुझं खरं हाय. वर भूत न्हाईच."

सतरा मिनिटांनी तो खाली आला तो थेट माझ्या ओट्यापाशी. तोंड उतरलेलं. फोन कानाला.

"आई, जेवलीस का?… न्हाई, काही झालं न्हाई… तसं न्हाई गं, काही हवं न्हाई मला… तू बोल. काहीबी बोल. म्हशीचं सांग."

आणि अर्धा तास उभ्यानं तो म्हशीचं ऐकत होता! मी त्याला पाणी दिलं आणि वर गेले, सुमेधला झापायला. वहीत लिहिलेलं होतं : सतरावं मिनिट, आईला फोन.

"दुसऱ्याच्या पोराला रडवून वर लिहून ठेवतोस?"

"न्हाई बाई. रडवलं न्हाई," तो म्हणाला. "फोन करायला लावला."

*

मग मी म्हटलं, मीच खेळते. आवाज माझा, नाक माझं, मग खेळ दुसऱ्याचा का? बटणं शिकायला मला दोन दिवस लागले. अक्षरं शिकायला दोन वर्षं लागली होती, त्या मानानं काहीच नाही.

पडद्यावर माझंच तोंड घेऊन ती बाई घरात फिरत होती. डबा हलला, मी परत जागेवर ठेवला. कॅलेंडर बदललं, मी तिकडं बघणंच सोडलं. वैष्णवी मागून म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरून का न्हाई राहिल्या?" मी म्हटलं, "घर आवरायचं सोडून घाबरत बसू?"

मग दारावर थाप पडली. आवाज आला, "आई, मी आलोय. दार उघड."

मी उघडलं नाही.

पुन्हा थाप. "आई, मी तुझा मुलगा. दार उघड."

मी पडद्यातल्या बाईला खुर्चीवर बसवलं.

सुमेध पाच मिनिटं थांबला. मग म्हणाला, "बाई, दार उघडा ना."

"कामून? कशाला आलाय ते सांगतच न्हाई तो. खुशाली विचारली का त्यानं? जेवलीस का म्हटला? नुसतं दार उघड, दार उघड!"

"पण दार उघडल्याशिवाय गेम पुढं जात न्हाई!"

"न जाऊ दे. मी बरी हाय इथं."

वीस मिनिटं मी बरी होते. थापा पडत राहिल्या, मी बसून राहिले. शेवटी दोघं एकमेकांकडं बघायला लागले. दार कुणी उघडणारच नाही, हे एवढं शिकलेल्या दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं! त्यांना गेमचा तेवढा भाग मोडून पुन्हा बांधावा लागला. महिना गेला त्यात.

*

हा किस्सा मी वरच्या पोरांना सांगितलेला नाही. सांगितला असता तर लगेच चिठ्ठी लागली असती.

माझा चष्मा हरवला. सापडला तो ज्वारीच्या डब्यात, ज्वारीखाली. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी मसाल्याच्या फळीवर. माझा शक सरळ वर गेला. गेममध्ये डबे हलतात ते खऱ्या घरात हलवून बघत असतील हे दोघं, माझ्यावर प्रयोग! सुमेधला आडून विचारलं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला. शपथ घेणाऱ्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही.

म्हणून मी सापळा लावला. दुपारी जेवणं उरकली, पोरं वर गेली, की फळीपुढच्या फरशीवर मी चाळणीनं गव्हाचं पीठ पसरलं. पातळ, दिसेल न दिसेल असं. आणि बाहेर ओसरीत शेंगा फोडत बसले. जिन्याकडं डोळा ठेवून. तासभर चिटपाखरू उतरलं नाही.

आत जाऊन बघते तर पिठात पावलं! अनवाणी. फळीपर्यंत गेलेली आणि परत आलेली. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वाकलेला.

माझ्या घरात अंगठा वाकलेलं माणूस एकच आहे. तो पाय मी रोज दगडानं घासते.

मी फडकं घेऊन फरशी पुसून काढली. म्हटलं, सापळा नीट लागलाय का ते बघायला मीच मधी आत आले असेन. आले असेनच. शेंगा फोडताना माणूस उठतो, बसतो, कुठं लक्षात राहतं?

*

आता तो रविवार.

दत्ता न सांगता आला. वरचे भाडेकरू त्याच्या डोळ्यात आधीपासून खुपत होते. "आई, कोण पोरं हायत ही? चौकशी केलीस का?" फोनवर दर वेळी हेच. म्हणून खानावळीत यायच्या आधी बाहेरच्या जिन्यानं तो सरळ वर गेला. सुमेध आणि वैष्णवी खाली पंगतीला. दार उघडं. समोर भिंत. भिंतीवर त्याच्या आईचा फोटो, आणि त्याखाली पिवळ्या चिठ्ठ्यांवर : भाकरी उशीत लपवते. सुनेवर चोरीचा आळ घेते. पोटच्या मुलाला ओळखत नाही.

त्यानं काय समजायचं? तो समजला. माझ्या खोलीत जाऊन बॅग भरली, डॉक्टरला फोन लावला, मग बायकोला लावला, आणि मग माझ्यापुढं येऊन उभा राहिला. तिथं ती परात आपटली.

"अरे, ते माझं न्हाई! तुझ्या आजीचं हाय ते सगळं!"

"आई," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आजीला जाऊन वीस वर्षं झाली."

गेमनं मी कधी घाबरले नाही. त्या मऊ आवाजानं घाबरले. लहान लेकराशी बोलतात तसा तो आवाज होता.

"मला मालूम हाय ती गेलीय! मीच तिला शेवटचं पाणी पाजलं!" मी ओरडले.

"बघ," तो म्हणाला, "किती चिडून राहिलीस."

मी गप्प बसले.

"आई? आई, कुठं हरवलीस?"

मला हसू फुटलं. काय करणार! तर हा फोन कानाला लावून बायकोला सांगतो, "हो, आता हसून राहिलीय."

ओरडले तर वेडी, गप्प बसले तर वेडी, हसले तर जास्तच वेडी! आणि एवढ्या सगळ्यात माझ्या डोळ्यांपुढं काय, तर पिठातला तो वाकडा अंगठा. मी ठणकावून 'माझं डोकं ठीक हाय' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी तो अंगठा दिसत होता.

वैष्णवी ताटावरून उठली. "सर, खरंच बाईंनी सांगितलेलं हाय ते. त्यांच्या सासूबाईंचं."

"तुम्ही चांगली पोरं आहात," दत्ता म्हणाला. "पण तिला पाठीशी घालू नका. त्यानं दुखणं वाढतं."

सुमेध हात धुऊन आला. "सर, दहा मिनिटं गेम खेळून बघा. मग न्या बाईंना."

"मी खेळायला आलो न्हाई!"

"प्रश्न हायत त्यात, सर. चार पर्यायांचे."

दत्ता थबकला. बारा वर्षं पोरांकडून तेच सोडवून घेतोय तो. चार पर्याय म्हटल्यावर लातूरच्या मास्तरचा पाय निघतो होय! वर गेला. मागून मी. माझ्या मागून अर्धी पंगत, उष्ट्या हातांनी.

पडद्यावर ती बाई खुर्चीत बसलेली. पुढ्यात एक माणूस कागद-पेन घेऊन, त्याला तोंड नाही. त्यानं विचारलं, आज वार कोणता? खाली चार पर्याय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवार. दत्तानं रविवार दाबला. त्या माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा विचारलं, आज वार कोणता?

दत्तानं कॅलेंडर बघितलं. मंगळवार! त्यानं मंगळवार दाबला. तो माणूस पुन्हा लिहायला लागला.

"हे कॅलेंडर बदललं!"

"हाव सर," सुमेध म्हणाला.

पुढचा प्रश्न, तुमच्या मुलाचं नाव काय? चार नावं आली. दत्ता खुर्चीत पुढं सरकला. "ह्या बाईच्या मुलाचं नाव काय हाय?"

"गेममध्ये कुठं सांगितलेलं न्हाई, सर."

"मग मी ओळखू कसं?" त्यानं एक दाबलं. त्या माणसानं लिहिलं. दुसरं दाबलं. लिहिलं. चारही दाबून झाली, लिहिणं चालूच. दत्ता ओरडला, "अरे, काय लिहून राहिलाय तो? मी बरोबर सोडवून राहिलो! ह्यात बरोबर पर्याय कुठला हाय?"

"बरोबर पर्याय न्हाईच, सर," वैष्णवी म्हणाली. "त्यानं आधीच ठरवलेलं हाय. तो नुसता लिहितो."

दत्तानं हेडफोन काढले. खिशातली दस्ती काढून मान पुसली. मला वाटलं, मिटलं. पण पोरगा माझा आहे, हट्ट कुठं जाईल?

तो उठून माझ्यापुढं आला. "गेम गेमच्या जागी. आई, मी एकच प्रश्न विचारतो. नीट उत्तर दे. बॅग मी माझ्या हातानं रिकामी करतो, अन् पुन्हा हा विषय न्हाई."

"विचार."

"मी कोण?"

उष्टे हात तसेच वाळत होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं, नऊ महिने पोटात वागवलेलं उत्तर! दिलं असतं तर बॅग रिकामी झाली असती. पण मग पुढच्या रविवारी दुसरा प्रश्न, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा, आणि एखाद्या रविवारी माझ्याकडं उत्तर नसेल. मी त्याच्याकडं बघितलं. पोरगं माझ्यापेक्षा जास्त भ्यालेलं होतं. मी त्याच्या हातातली दस्ती घेतली, त्याच्या कपाळावरचा राहिलेला घाम पुसला आणि म्हटलं,

"तुझी आजी अकरा वर्षं मला रोज सकाळी विचारायची, 'तू कोण गं?', अन् मी रोज सकाळी सांगायचे. पण 'मी कोण?' असं मी तिला एकदाबी विचारलं न्हाई."